सर्व्हरची रात्र

पाली, जि. रत्नागिरी
१२ फेब्रुवारी २०२५

प्रिय आमू,

गेली चार वर्षं आपण एकमेकींना दिवाळीला पणत्यांची चित्रं आणि एक जानेवारीला ‘सेम टू यू’ एवढंच पाठवत आलोय. त्यामुळे माझा एवढा लांबलचक मेल बघून तुला वाटेल, काहीतरी वाईट झालं. घाबरू नकोस, सगळे धडधाकट आहेत. मामंजींच्या गुडघ्याची तक्रार चालू आहे, शमिका जूनमध्ये दहावीला जाईल, आणि दीपक महिन्यातून दोनदा मुंबईहून येतो, झोपतो आणि परत जातो.

बातमी अशी की मी नोकरीला लागले! अकरा वर्षांनी. पुण्याची छोटी कंपनी आहे, अमेरिकेतल्या दातांच्या दवाखान्यांसाठी ॲप बनवते. काम घरून. म्हणजे ओटीवरच्या टेबलावरून. हॉस्टेलवर रात्री दोन वाजता माझे प्रोग्रॅम तू दुरुस्त करायचीस ते आठवलं आणि तुलाच लिहायचं ठरवलं, कारण परत तीच वेळ आली आहे.

माझं बिल्ड संपत नाही. परवा मामंजी म्हणाले, “नम्रता, सकाळपासून त्या पडद्याकडे बघत बसलीस. काय येणार हाय त्यातनं?” मी सांगितलं, मी लिहिलेला कोड अमेरिकेतल्या एका भाड्याच्या सर्व्हरवर जातो, तिथे त्याला बाहेरच्या तयार लायब्ररी जोडल्या जातात, तपासण्या होतात आणि मग चालणारं ॲप तयार होतं. याला बिल्ड म्हणतात. ते होईपर्यंत मी लिहिलेलं बरोबर की चूक ते कळत नाही. त्यावर ते म्हणाले, “मगे चूक हाय की नाय ते आधीच बघून घ्यायला काय झालं?”

आमू, हे बिल्ड पूर्वी म्हणे चहा उकळेपर्यंत व्हायचं. आता स्वयंपाक होतो, जेवणं होतात, भांडी घासून होतात, तरी ते चालूच. बाकीच्या मंडळींचं काम पुण्यातल्या ऑफिसातल्या मशीनवर होतं. अमेरिकेतल्या सर्व्हरवर फक्त माझ्या वाट्याचं चालतं. माझ्याआधी ते आमचा टीम लीड विनीत करायचा. सत्तावीस वर्षांचा आहे, मला ‘मॅम’ म्हणतो. त्याच्या वेळी सगळं झटपट व्हायचं. मग बदललं काय? मी! तो अगदी सौम्यपणे म्हणतो, “मॅम, तुमच्या साइडला नेट स्लो असेल.” आणि त्याच्या वरचे साहेब तेवढे सौम्य नाहीत. एप्रिलअखेर बघू म्हणतात, नाही जमलं तर पुण्याला ऑफिसात या. मामंजींना आणि शमिकाला टाकून मी पुण्याला कशी जाऊ?

म्हणून उद्या गणपतीपुळ्याला जातेय. माझा मावसभाऊ बाळा तिथे पर्यटकांना खोल्या देतो, त्याच्याकडे फायबरचं नेट आहे. दोन दिवस तिथून काम करून बघते. तुला आणखी काही सुचतं का?

तुझी
नमू


बेंगळूरु
१२ फेब्रुवारी, दुपार

नमे,

गणपतीपुळ्याला जरूर जा, पण दर्शनाला जा. नेटसाठी जाऊ नकोस.

नीट वाच. बिल्ड तुझ्या ओटीवर होत नाही, अमेरिकेत होतं. तू इथून पाठवतेस तो बदललेला कोड, म्हणजे फोटोपेक्षाही हलका. तो एकदा पोचला की पालीत नेट असो नसो, वीज असो नसो, सर्व्हरला फरक पडत नाही.

पटत नसेल तर करून बघ. बिल्ड सुरू कर, लॅपटॉप मिटव आणि फिरायला जा. परत येऊन बिल्ड किती वाजता संपलं ते सर्व्हरलाच विचार. लॅपटॉप उघडा ठेवून लागतो तेवढाच वेळ लागला असेल, तर तुझं नेट निर्दोष.

तू परत कामाला लागलीस हे वाचून किती बरं वाटलं ते लिहिता येत नाही. अकरा वर्षांत विसरलेलं सगळं परत येतं. पोहण्यासारखं असतं ते.

आमू


पाली
१७ फेब्रुवारी

प्रिय आमू,

नेट निर्दोष सुटलं.

गुरुवारी बाळाच्या खोलीत बसून बिल्ड सुरू केलं, लॅपटॉप मिटला आणि किनाऱ्यावर गेले. बाळाची बायको म्हणाली, “ताई, हे कसलं काम?” मी म्हटलं, तपास चालू आहे. उंटावर बसायचं नाही असं ठरवलं होतं, पण बसले. परत येऊन बघते तर तेवढाच वेळ, मिनिटाचाही फरक नाही. येताना वाटेत जाकादेवीच्या नाक्यावर वडापाव खाल्ला आणि उगाचच जिंकल्यासारखं वाटलं.

विनीतला सगळं सांगितलं (उंट सोडून). तो म्हणाला, “मग मॅम, तुमचे चेंजेस हेवी असतील.” म्हणजे नेट सुटलं आणि आता मी आत! खरं सांगू? मलाही तसंच वाटायला लागलंय. अकरा वर्षांत जग पुढे गेलं, आणि मी जुन्या पद्धतीनं असं काहीतरी लिहीत असेन की बिचाऱ्या सर्व्हरला धाप लागत असेल.

आणि तू भर दुपारी ऑफिसच्या वेळात उत्तर दिलंस, तेही तासाभरात! तुला कुणी बोलणार नाही ना? सावकाश लिहीत जा.

नमू


बेंगळूरु
१७ फेब्रुवारी

नमे,

ऑफिसचं सोड, सध्या आमच्याकडे काम निवांत आहे.

‘असेल’ हा शब्द काही दिवस बंद. नेट स्लो असेल, चेंजेस हेवी असतील, मी मठ्ठ असेन. मोजल्याशिवाय कुणावरही आरोप करायचा नाही, स्वतःवर तर नाहीच.

दोन गोष्टी कर. एक, कोडमधल्या एखाद्या टिपेतलं एक अक्षर बदल, बाकी काही बदलू नकोस, आणि बिल्ड कर. तरीही तेवढाच वेळ लागला तर तुझ्या बदलांचा संबंध नाही. दोन, बिल्ड चालताना सर्व्हर एकेक ओळ लिहीत जातो, तो लॉग. त्याच्या प्रत्येक ओळीपुढे घड्याळातली वेळ छापून यावी अशी सोय असते, ती चालू कर. मग कुठल्या ओळीनंतर तो मख्खासारखा बसून राहतो ते दिसेल. सगळे लॉग मला पाठव. लांब आहेत म्हणून कापू नकोस, मला वाचायला आवडतात.

आमू


पाली
१ मार्च

प्रिय आमू,

सापडलं!

एक अक्षर बदललं तरी तेवढाच वेळ. त्या दिवशी मामंजींना विचारून दुपारी गोड शिरा केला. त्यांनी कारण विचारलं नाही, दोनदा घेतला.

तू लॉगमध्ये लाल करून पाठवलेल्या जागा मी ओळीनं बघत गेले. कोड जोडायला वेळ लागत नाही, तपासण्यांनाही नाही. सगळा वेळ जातो लायब्ररी आणण्यात. खरं तर त्या एकदा आणल्या की सर्व्हर साठवून ठेवतो आणि पुढच्या वेळी त्याच वापरतो. कुठल्या लायब्ररी हव्यात त्याची एक फाईल असते. ती फाईल बदलली नसेल तर साठवलेलं चालतं, बदलली असेल तर सगळं नव्यानं आणायचं. आमचा सर्व्हर दर वेळी सगळं नव्यानं आणतो. तू विचारलंस, “फाईल खरंच बदलत नाही ना?” मी छातीठोकपणे म्हटलं, नाही. तू म्हणालीस, “दोन बिल्डच्या फायली शेजारी ठेवून बघ.” ठेवल्या. एक ओळ वेगळी होती. तारीख आणि वेळ!

ॲपच्या तळाशी ‘शेवटचा बदल अमुक वेळी’ असं दिसतं. ती वेळ दर बिल्डच्या सुरुवातीला नेमकी याच फायलीत लिहिली जाते. म्हणजे फाईल दर वेळी बदलते, आणि सर्व्हरला वाटतं, सगळं नवीन हवंय.

आता पंचाईत ऐक. ही सोय केली विनीतनं. मला काम सोपवण्याच्या आदल्या दिवशी, क्लायंटनं मागितली म्हणून. आमू, माझी नोकरी कच्ची, आणि मी साहेबाच्या खालोखालच्या माणसाला सांगू की बाबा रे, तुझ्यामुळे? गप्प बसून गुपचूप दुरुस्त केलं तर?

नमू


बेंगळूरु
२ मार्च

नमे,

गुपचूप अजिबात नको. उद्या बिल्ड पटापट व्हायला लागलं की ते म्हणतील, बघा, मॅडमचं नेट सुधारलं.

आणि ‘तुझ्यामुळे’ असंही नको. ती वेळ वेगळ्या फायलीत लिहायची सोय कर, एक बिल्ड जुन्या पद्धतीनं आणि एक नव्या पद्धतीनं चालव, आणि दोन्ही लॉग विनीतला पाठव. सोबत एकच वाक्य लिही: ‘हे बघशील का?’ चांगला मुलगा असेल तर स्वतःच ओळखेल. नसेल तर तो कसा आहे ते तुला आत्ताच कळेल.

त्याच्या जागी मी असते तर मला असंच कुणीतरी सांगावं असं वाटलं असतं.

आमू


पाली
१८ मार्च

प्रिय आमू,

शिमग्यामुळे उशीर झाला. पालखी आमच्या घरी आली, ओटीवरचं माझं ऑफिस माजघरात गेलं, आणि दोन दिवस घरात पन्नास माणसं जेवत होती.

विनीत चांगला मुलगा निघाला. लॉग पाठवल्यावर पाच मिनिटांत फोन. मला वाटलं आता ऐकून घ्यावं लागणार. तर पलीकडून नुसतं हसू! “मॅम, मी दोन महिने तुमच्या नेटला शिव्या घालतोय, आणि हे माझंच!” मग सगळ्या टीमला त्यानं स्वतः लिहिलं की चूक माझी, शोधली नम्रता मॅमनी. मी तो मेसेज शमिकाला दाखवला. ती म्हणाली, “आई, रडतेस काय?” कांदा चिरत होते, असं सांगितलं. कांदा नव्हता.

पण अजून मिटलेलं नाही. आता सकाळी आणि संध्याकाळी बिल्ड खरंच चहा होईपर्यंत होतं. दुपारी मात्र कधीतरी एकदम अडकतं, जणू सर्व्हर जेवून आडवा झालाय. साहेब नेमके दुपारी बघतात. त्यांचं म्हणणं, घरी दुपारची कामं असतात ना, लक्ष नसेल. एप्रिलअखेर डोक्यावर आहे.

तुझा नवा पत्ता माझ्याकडे नाही, म्हणून तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर एक खोकं पाठवलंय. आमसुलं, कुळथाचं पीठ आणि फणसाचे तळलेले गरे. गरे ऑफिसात उघडू नकोस, तुझ्या वाट्याला काही उरणार नाही.

नमू


बेंगळूरु
२७ मार्च

नमू,

उत्तराला उशीर झाला. मेमरी कमी पडत असेल. ती वाढवून घ्यायला सांग, दुपारचं अडकणं थांबेल.

खोकं कशाला पाठवलंस? असो. थँक्यू.

आमू


पाली
७ एप्रिल

प्रिय आमू,

मेमरी दुप्पट करून घेतली. विनीतनं साहेबांशी भांडून घेतली. दुपार तशीच आहे. वर साहेबांच्या मेलमध्ये ‘ॲज सजेस्टेड बाय नम्रता’ असं आलं.

ते जाऊ दे. मी वेगळ्याच कारणासाठी लिहितेय.

खोकं आज परत आलं. कुरियरवाल्यानं ओटीवर ठेवलं, वरच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं: ‘संबंधित व्यक्ती आता येथे काम करत नाही.’ मामंजी म्हणाले, “पत्ता चुकला असेल.” मी म्हटलं, हो. पण पत्ता चुकलेला नाही, आमू. मग मी तुझे सगळे मेल परत काढून बघितले. मंगळवार दुपार, सोमवार सकाळ, बुधवार दुपार, आणि बहुतेक वेळा तासाभरात उत्तर. मला वाटत होतं, माझी मैत्रीण एवढी मोठी अधिकारी झालीय की तिला कुणी विचारत नाही.

तू मला सांगितलं नाहीस. मी तुला शिऱ्यापर्यंत सगळं सांगत बसले, आणि तू म्हणालीस, काम निवांत आहे.

मी रागावलेय. फार नाही. लिही.

नमू


पाली
२३ एप्रिल

प्रिय आमू,

दोन आठवडे झाले. फोन उचलत नाहीस. ठीक आहे, उत्तर देऊ नकोस. मी लिहिणार, कारण मला जे सापडलंय ते सांगायला दुसरं कुणी नाही. दीपकला सांगितलं तर तो फोनवर झोपला.

परवा संध्याकाळी मामंजी कुरकुरत होते. माझी नणंद, विमलाताई, न्यू जर्सीत असते. ती सकाळी उठली की त्यांना फोन करते, तेव्हा आपल्याकडे संध्याकाळ असते. मामंजींचं म्हणणं, “पयली दिवा लावून झाला की फोन यायचा. हल्ली शिमग्यापासनं दिवा लावायच्या आधीच येतो. माझी गाईची धार राहते.” मी सांगितलं, मामंजी, मार्च आला की तिकडे घड्याळं तासभर पुढे करतात. तिची सकाळ आपल्यासाठी तासभर आधी होते.

एवढं बोलून मी वाटीत तांदूळ मोजत होते, तो हात तसाच राहिला. आमू, शिमगा!

तांदूळ तसेच ठेवून मी लॉग उघडले. मार्चच्या पहिल्या आठवड्यात दुपारचं अडकणं दीड वाजता सुरू व्हायचं. माझं जेवण झालेलं असायचं, म्हणून मला ते ‘जेवणानंतरचं’ म्हणून लक्षात होतं. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यापासून ते साडेबाराला सुरू होतं. आपलं घड्याळ तर कुणी हलवलं नाही. म्हणजे जे काही चालू होतं ते तिकडच्या घड्याळाप्रमाणे चालू होतं. तिकडे तेव्हा किती वाजलेले असतात? पहाटेचे तीन!

पहाटे तीनला सर्व्हरवर काय करतात, हे तू मला शिकवलेलं नाहीस, पण मी ओळखलं. सगळे झोपलेले असताना करायचं काम. विनीतला म्हटलं, मला सर्व्हरच्या आत डोकावायची परवानगी मिळवून दे. काल साडेबाराला आम्ही दोघं बघत बसलो. बरोबर वेळेला एक काम उठलं आणि अख्ख्या डिस्कची नक्कल काढायला लागलं. बॅकअप. आमच्या क्लायंटच्या माणसानं जानेवारीत लावून ठेवलेला. त्यात त्याची चूक काही नाही. कुणाला त्रास नको म्हणून बिचाऱ्यानं रात्रीची वेळ निवडली. त्याची रात्र म्हणजे आपली दुपार, हे त्याच्या मनातही आलं नाही. डिस्क त्यात अडकलेली, मग माझं बिल्ड ताटकळणार नाही तर काय? तिथे मेमरी दुप्पट केली काय आणि दहापट केली काय.

विनीत खुर्चीवरून उठून ओरडला, “मॅम!”

हे सगळं तू शिकवलंस म्हणून झालं. ‘असेल’ म्हणायचं नाही, मोजायचं.

आणखी एक. मागच्या बाजाराच्या दिवशी तुझी आई भेटली, पालीच्या नाक्यावर. जय भीम केला. म्हणाल्या, “यंदा जयंतीला आमू आली नाय. चौदा एप्रिल कधी चुकवत नाय ती. कामात असेल.” मी म्हटलं, हो जाईमावशी, फार कामात आहे. मला खोटं बोलायला लावलंस. पुढच्या वेळी मला जमणार नाही.

नमू


बेंगळूरु
२४ एप्रिल

नमू,

सर्व्हरची रात्र! मी चौदा वर्षं हेच काम केलं आणि मला हे सुचलं नाही. तुझा मेल वाचून मी एकटीच घरात मोठ्यानं हसले. किती दिवसांनी स्वतःचा आवाज ऐकला.

जानेवारीत गेली नोकरी. अख्ख्या टीमला एका मीटिंगला बोलावलं, छान बोलले, आणि संध्याकाळपर्यंत लॅपटॉप परत घेतले. कुणालाच सांगितलं नाही. आमच्या वाडीत मी पहिली इंजिनियर. आई अजून बाजारात ओळख करून देताना ‘माझी बेंगळूरुची’ म्हणते. तिला काय सांगू? दोन मुलाखती दिल्या. ‘सध्या काय करता?’ विचारल्यावर नेट गेल्याचं निमित्त करून कॉल बंद केला.

तुझा पहिला मेल आला तेव्हा मी तीन दिवस केस विंचरले नव्हते. मग तुझे लॉग यायला लागले. मी सकाळी आंघोळ करायची, टेबल पुसायची आणि तुझे लॉग वाचायला बसायची. काम निवांत आहे हे खोटं होतं, पण काम आहे असं मला तेवढ्यापुरतं खरंच वाटायचं.

सत्तावीस मार्चला आणखी एका ठिकाणाहून नकार आला. त्या दिवशी मी तुझा लॉग उघडलाच नाही. ‘मेमरी कमी पडत असेल’ असं लिहून मोकळी झाले. ‘असेल’ म्हणू नकोस म्हणणारी मी! त्यावरून तुला बोलणी बसली. मग खोकं परत गेल्याचं वाचलं, आणि तुला तोंड कसं दाखवायचं तेच कळेना.

आता लिहून झालं. बरं वाटतंय. गरे संपवलेस का?

आमू


पाली
३ मे

प्रिय आमू,

गरे शमिकानं संपवले. आमसुलं आणि पीठ तुझ्यासाठी ठेवलंय.

बॅकअपची वेळ आता आपल्या रात्रीवर गेली आहे. तिकडे तेव्हा दुपार असते, पण त्या सर्व्हरवर तिकडचं कुणी कामच करत नाही. क्लायंटच्या माणसानं माफी मागणारा एवढा लांब मेल लिहिला की मलाच लाज वाटली. बुधवारी भर दुपारी, साहेब ऑनलाइन असताना, बिल्ड सुरू केलं. चहाला आधण येण्याआधी झालं. साहेबांनी नुसता अंगठा पाठवला. संध्याकाळी नोकरी पक्की झाल्याचा मेल आला, आणि त्यात लिहिलंय की कामाचं ठिकाण: पाली. मामंजींनी तो शब्द मला तीनदा वाचून दाखवायला लावला.

आता तुझं. विनीतनं विचारलं, “मॅम, हे सगळं तुम्ही कुठे शिकलात?” मी म्हटलं, एक मैत्रीण आहे. तो म्हणाला, कंपनीच्या आणखी दोन क्लायंटच्या सर्व्हरची अशीच रड आहे आणि ते माणूस शोधतायत. मी तुझं नाव सांगितलेलं नाही. तुला विचारल्याशिवाय सांगणार नाही. पण ‘सध्या काय करता?’ असं त्यानं विचारलं, तर तुला उत्तर देता येईल. फेब्रुवारीपासून तू काय केलंस त्याचे लॉग माझ्याकडे आहेत.

सांगू का नाव?

शाळेला सुट्टी लागलीय. शमिका आणि मी उद्या दीपककडे मुंबईला चाललोय, लॅपटॉपसकट, महिनाभर; मामंजींच्या सोबतीला शेजारची मंडळी आहेत. तू गावी येणार असशील तर चुकामूक होईल, पण ये. आणि जाईमावशींना सांग.

नमू


मु. वाडी, पालीजवळ
२० मे

प्रिय नमू,

विनीतशी बोलणं झालं. मुलगा खरंच चांगला आहे. त्यानं विचारलंच, सध्या काय करता. मी म्हटलं, जानेवारीत नोकरी गेली, त्यानंतर तुमचा सर्व्हर बघतेय. तो इतका हसला की पुढचे प्रश्न विसरला. मेमरीची सूचना माझी होती हेही सांगितलं. तो म्हणाला, “मॅम, आम्ही पण तेच केलं असतं.” तीन महिन्यांचं काम आहे, पुढचं पुढे. सोमवारी सुरू. रविवारी मी बेंगळूरुला परत जाईन.

गावी येऊन चार दिवस झाले. पहिले तीन दिवस आईला सांगायचं धाडस झालं नाही. काल ती मागच्या पडवीत आमसुलांसाठी रातांबे फोडत बसली होती, मीही बसले. हात लाल झाले. म्हटलं, आता नाही तर कधीच नाही.

“आई, माझी नोकरी गेली. जानेवारीतच.”

तिनं पुढचा रातांबा घेतला. “ठाऊक हाय.”

मी म्हटलं, “कुणी सांगितलं? नमूनं?”

“ती कशाला सांगते? ती बाजारात माझ्याकडं बघायला पण घाबरत होती.” मग म्हणाली, “आधी दुपारी फोन केला तर तू कधी उचलायची नायस. मीटिंगात हाय म्हणायचीस. जानेवारीपासनं पयल्या रिंगला उचलतेस. आणि ठेवायची घाई पण नाय तुला.”

चार महिने, नमू! चार महिने मी तिला दुपारी फोनवर ऑफिसातल्या गप्पा रचून सांगत होते, आणि ती ऐकून घेत होती, वर ‘साहेब बरा हाय ना?’ विचारत होती.

“मग विचारलं का नाहीस?”

“विचारलं असतं तर तू परत मीटिंगात गेली असतीस.”

दोघी हसलो, मग मी रडले, आणि डोळे पुसायला गेले तर तोंडभर रातांब्याचा रस. शेजारची गंगुबाई काय झालं म्हणून धावत आली. आईनं तिला सांगितलं, “काय नाय, पोरगीला नवीन नोकरी लागली.”

आज सकाळी विनीतला मेल टाकला, की रोज दुपारी एक ते दोन मी मिळणार नाही. त्याचं लगेच उत्तर आलं, “शुअर मॅम, लंच ना?” मी लिहिलं, नाही, मीटिंग आहे. आईबरोबर.

तुझी
आमू